घाटाखालचा जावई

भारत हा विविधतेने नटलेला विशाल देश असून त्याचे अनेक प्राकृतिक विभाग पडतात, असं मी रत्नागिरीच्या एका शाळेत निवृत्त होईपर्यंत शिकवलं. आमच्या घरात मात्र दोनच विभाग होते: कोकण आणि घाट. ही विभागणी माझ्या थोरल्या भावाची. सह्याद्री चढून गेल्यावर जे जे लागतं ते त्याच्या लेखी घाटावरचं. सातारा घाटावर, नागपूर घाटावर, पाटणाही घाटावर. हिमालय घाटावर आहे, हे तर मलाही नाकारता आलं नाही.

भाऊ आंब्याचा बागायतदार. मुलगी घाटावर द्यायची नाही, हा त्याचा नियम. कऱ्हाडचं एक चांगलं स्थळ त्याने चहा यायच्या आत परत पाठवलं होतं. त्यामुळे पुतणीने स्वतःचं लग्न स्वतःच ठरवलं आणि मुलगा केरळचा निघाला, तेव्हा ती आधी माझ्याकडे आली.

"काका, बाबा नाहीच म्हणणार. इतकी वर्षं भूगोल शिकवलात, एकदा तरी तो कामाला येऊ दे."

नकाशा घेऊन मी पुतणीबरोबर गेलो. भाऊ पडवीत बसला होता.

"केरळ? म्हणजे घाटावरचाच की रे."

"रत्नागिरीवर बोट ठेव. आता खाली ये. समुद्र कुठे?"

"डावीकडे."

"डोंगर?"

"उजवीकडे."

गोवा गेलं, कारवार गेलं, मंगळूर गेलं. बोट कोचीला टेकलं तरी डोंगर उजवीकडेच होता.

"घाट चढलास कुठे?" मी विचारलं.

भावाने नकाशावरून बोट उचललं. मग मुलीकडे वळला. "घर कसलं आहे त्यांचं?"

तिने फोनवर फोटो दाखवला. तांबडा चिरा, वर कौलं, मागे नारळ.

"जेवतात काय?"

"उकड्या तांदळाचा भात. आजारी पडले की पेज."

"आणि आंबटाला?"

"आपल्या आमसुलासारखंच एक फळ वाळवून घालतात."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस गो?"

संध्याकाळी तो शेजाऱ्याला सांगत होता, "मुलगा आपल्यातलाच. जरा दक्षिणेकडच्या तालुक्यातला."

"म्हणजे राजापूरचा?"

"त्याच्याही थोडा पुढे."

पण मुलाच्या वडिलांचा होकार अजून यायचा होता. त्यांचीही देशाची विभागणी दोनातच आटोपत होती. एक केरळ, त्याच्या वर सगळा उत्तर भारत. उत्तर भारतीय सून त्यांना नको होती. नकाशा तिकडे पाठवून उपयोग नव्हता, कारण नकाशात आम्ही खरोखरच त्यांच्या वर आहोत. शेवटी दोघे बाप फोनवर बोलले. तासभर. आम्ही दाराआड उभे होतो. आंबा, नारळ, वानर, पाऊस, मजूर एवढं ऐकू आलं. भावाने फोन ठेवला आणि म्हणाला, "जानेवारीत धरू या. मे महिन्यात दोघांनाही सवड नाही."

देशाची एकात्मता कशावर उभी आहे, ते मला त्या तासाभरात कळलं. दोघांचंही हिंदी सारखंच वाईट होतं.