शंभर टक्के निकालाचे सर

आमच्या दयाराम सुरडकर सरांनी एकतीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, आणि गावाला त्यांचं एकच वर्ष आठवतं. नेमकं तेच, जे त्यांना विसरायचं आहे.

मेहकर-लोणार रस्त्यावरच्या आमच्या जिल्हा परिषद हायस्कूलचे ते शेवटची सहा वर्षं मुख्याध्यापक होते. मी त्यांच्या हाताखाली विज्ञान शिकवायचो. प्रवेशाला आलेल्या पोराला 'नाही' म्हणणं सरांना जमत नसे, आणि तालुक्यातल्या काही खाजगी शाळांना हे चांगलं ठाऊक होतं. नववीत पोरगं कच्चं दिसलं की त्या बापाला बोलावत, गोड बोलत आणि हातात दाखला ठेवत. बाप तो दाखला घेऊन थेट आमच्याकडे येई. मार्चमध्ये ते पोरगं आमच्या नावावर गणितात उडे, आणि जूनमध्ये त्यांच्या फाटकावर शंभर टक्क्यांचा फ्लेक्स लागे.

दर जूनला मुख्याध्यापकांच्या सभेत सगळ्या शाळांचे निकाल भिंतीवर उतरत्या क्रमाने दाखवत. आम्ही खालून दुसरे, फार तर तिसरे. सरांच्या निवृत्तीच्या आदल्या वर्षी बावन्न टक्के लागले. गटशिक्षणाधिकारी साहेबांनी भर सभेत विचारलं, "सुरडकर, पोरं शिकवता की गुरं राखता?" लोक हसले. आपली नापास पोरं आमच्याकडे ढकलणारे त्यात सगळ्यांत पुढे. चोराच्या उलट्या बोंबा, दुसरं काय!

सरांनी निकालाचा कागद घडी करून खिशात ठेवला. संताप मला आला, आणि संतापलेला माणूस कधी शहाण्यासारखं वागलाय? शाळेत येऊन मीच त्यांच्या टेबलावर चार नावांची यादी ठेवली. म्हटलं, यांना सतरा नंबरचा फॉर्म भरायला लावा. म्हणजे शाळेतून दाखला काढायचा आणि दहावीला बाहेरून बसायचं. परीक्षा तीच, फक्त निकाल शाळेच्या नावावर धरत नाहीत.

"गजेंद्र, हे आपल्याच्यानं होत नाही बे," सर म्हणाले.

"मंग पुढच्या जूनले पुन्हा गुरं राखा," मी म्हणालो. माझी जीभ तेव्हाच झडायला हवी होती.

यादीत तीन पोरं होती आणि चौथी मदिहा. गाद्या भरणाऱ्या मेहबूबभाईंची मुलगी. नववीला गणितात अठरा गुण, पण प्रत्येक गणित सरांना दोन-दोनदा विचारणारी. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या आईनं, बानोभाभींनी, तिला बजावलं होतं की दहावी झालीस तर पुढे शीक, नाही झालीस तर सोयरीक पाहू.

आठ दिवस सर नीट जेवले नसतील. नवव्या दिवशी दाखला लिहून ते स्वतः मेहबूबभाईंच्या दुकानात गेले. मीही होतो.

"मेहबूबभाई, मदिहा यंदा बाहेरून बसंल. परीक्षा तीच राह्यते. काही फरक नाही."

मेहबूबभाईंनी अंगावरचा कापूस झटकला आणि दाखला दोन्ही हातांनी घेतला. "सर, तुमी म्हंता तं बरोबरच असंल."

हा कागद घेऊन तालुक्याला जायचं, तिथं फॉर्म भरायचा, हेही सरांनी सांगितलं. पण मेहबूबभाईंच्या मनात राहिलं ते एवढंच, की काही फरक नाही. सरांनी सहीशिक्क्याचा कागद दिला म्हणजे परीक्षेची सोय झाली, आता बोलावणं येईल. कागद खराब होऊ नये म्हणून त्यांनी तो लॅमिनेशन करून पेटीत ठेवला. तिन्ही पोरांच्या बापांनी फॉर्म भरले. मदिहाचा भरला का, हे आम्ही एकदाही विचारलं नाही. पटावरचं नाव गेलं, आणि आम्हाला हायसं वाटलं होतं. खोटं कशाला बोलू?

परीक्षेचं केंद्र आमच्याच शाळेत होतं, मार्चमध्ये पहिल्या पेपराला मी फाटकावर होतो. मेहबूबभाई लुनावरून मदिहाला घेऊन आले. अंगावर आमच्याच शाळेचा इस्त्री केलेला गणवेश, हातात पॅड. मी हॉल तिकीट मागितलं, तर तिनं तो चकचकीत दाखला पुढे केला.

"हे नाही बेटा. हॉल तिकीट."

"हेच तं देलं होतं सरनं," मेहबूबभाई म्हणाले.

मदिहा रडली नाही. म्हणाली, "सर, मी आठ मैने घरी गणितं सोडवून राह्यली. पाह्यजे तं कोन्तंबी इचारा."

सर ऑफिसातून धावत आले. दाखला पाहिला. तिथूनच बोर्डात तीन ठिकाणी फोन लावले. मुदत केव्हाच संपलेली. घंटा झाली. फाटक लावायचं काम माझं होतं, ते मी लावलं.

आमचे बत्तीस बसले, बत्तीस पास झाले. भिंतीवर आमचं नाव सगळ्यांत वर आलं आणि त्याच साहेबांनी सरांच्या खांद्यावर शाल घातली. त्याच आठवड्यात मदिहाची सोयरीक ठरली. पोरीचं वय कायद्यात बसतं का, हे बानोभाभींना जाऊन विचारायला आमच्याकडे तोंड नव्हतं.

महिन्याभरात सर निवृत्त झाले. निरोप समारंभात जो तो उठून त्या शंभर टक्क्यांवरच बोलला. एकतीस वर्षांत सरांनी दाखला घेऊन आलेली किती पोरं पोटाशी धरली, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. शेवटी सर उठले.

"बत्तीस पास झाले, हे तुमाले माहीत हाये. मेहबूबभाईच्या पोरीले म्या परीक्षेच्या आधीच नापास केलं. तेबी ध्यानात ठेवा."

साहेबांना वाटलं, सर भावुक झाले. त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळ्यांनी वाजवल्या. मीही वाजवल्या.