तिसऱ्या अंकातलं ‘अरे’

शैलाताई गेल्याचा निरोप तिच्या मुलीने, इराने, पाठवला. अर्थात जर्मनमध्ये. मी काम आटोपून र्युसेल्सहाइमच्या स्टेशनावर उभी होते. जर्मनमध्ये वाचलं आणि काही झालंच नाही, ऑफिसची सूचना वाचावी तसं वाचलं. मग मनात मराठीत म्हटलं, ‘ताई गेली’... आणि तिथल्या बाकावर बसूनच राहिले. गाडी आली, गेली. आता काही आठवडे झाले तरी राग जात नाही. कोणावर आहे ते धड सांगता येत नाही, म्हणून तर हे लिहायला बसले.

डार्मश्टाटच्या आम्हा मराठी मंडळींची ती ताई आणि तिचा नवरा मात्र श्रीधरकाका, असं उफराटं नातं आम्ही जोडलं होतं. काका निवृत्त मेकॅनिकल इंजिनियर. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुनं टेलिफोन बूथ आहे, त्यात आता फळ्या मारून पुस्तकं ठेवतात. हवं ते न्यावं, वाचून झालं की परत ठेवावं. इथे त्याला ब्यूखरश्रांक म्हणतात. कोणीतरी तिथे कॅनडाच्या कादंबऱ्या, कथा, नाटकं इंग्रजीत आणून ठेवायचं आणि ताईला त्यांचं व्यसनच लागलं. मी चिडवायचे, “जन्म साताऱ्यात, संसार जर्मनीत आणि जीव कॅनडात!” ती म्हणायची, “अगं, आपल्यावर इथे कुणी लिहिलंच नाही. तिकडे लिहिलंय बघ. परक्या मुलखात बर्फात घर थाटून बसलेली माणसं, मैलभर लांबचा शेजार, आणि आईशी तिच्या भाषेत न बोलणारी मुलं.” हे म्हणताना ती इराकडे बघायची नाही. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर मात्र जर्मनमध्येच.

आमच्या मंडळात दर गणपतीला एका नाटकाचं अभिवाचन होतं. यंदा ताईने कॅनडाचं एक नाटक मराठीत करायला घेतलं. गव्हाच्या शेतांच्या मुलखातलं म्हातारं जोडपं, बाहेर वादळ आणि त्या वादळात गेलेला मुलगा. दोन अंक तिने टाईप करून दिले, आमच्या तालमीही सुरू झाल्या. म्हातारीचं काम माझ्याकडे होतं. ती कॅनडाची शेतकरीण नवऱ्याला चक्क ‘अहो’ म्हणत होती! मी हसले, तर ताई भडकली. “चाळीस वर्षं ज्याच्या मनाचा अंदाज घेत जगली, त्याला ती दुसरं काय म्हणेल?” वाचून बघितलं आणि माझं हसू तिथेच संपलं.

मग तिचं दुखणं उघडकीला आलं आणि सगळं भराभर हाताबाहेर गेलं. हॉस्पिटलमध्ये शेवटची भेटले तेव्हा आवाज पार खोल गेला होता. म्हणाली, “तिसरा अंक झालाय. बसवत नव्हतं ना, म्हणून पडल्या पडल्या पुस्तकातच पेन्सिलने लिहिला, ओळींच्या मध्ये, समासात. तू टाईप कर.” मग जरा थांबून, “त्यात ती त्याला एकदाच ‘अरे’ म्हणते... कुठे, ते वाचशील तेव्हा कळेल.” मी म्हटलं, “आत्ताच सांग की.” तर मान हलवून नुसती हसली. पुस्तक घरी, तिच्या उशाशी होतं.

दिवसकार्य आटोपल्यावर मी ते आणायला गेले. उशाशी पुस्तक नव्हतं. फळीवरही एकही पुस्तक नव्हतं, धूळसुद्धा पुसलेली. “काका, ताईची पुस्तकं?” “परत ठेवली,” काका म्हणाले, “बूथमध्ये. तिची पद्धतच होती ना, वाचून झालं की परत. म्हटलं, तिचं काही राहायला नको.” ती कम्प्युटरवर लिहिते एवढंच त्यांना ठाऊक. मी सांगितलं तेव्हा ते चपला न घालता जिना उतरले.

बूथमध्ये ते पुस्तक नव्हतं. आम्ही काचेवर जर्मनमध्ये चिठ्ठी चिकटवली, पेन्सिलने लिहिलेलं पुस्तक, अनोळखी लिपी, कृपया परत करा. मंडळात एकजण म्हणाला, “आल्झो, म्हणजे असं बघ, मूळ नाटक मिळेलच की, तिसरा अंक तूच कर.” मी त्याला काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मूळ नाटक मिळेल हो, पण इंग्रजीतली बाई नवऱ्याला पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच हाक मारते. ‘अरे’ कुठे आहे ते तिथे कोण सांगणार? काका रोज संध्याकाळी बूथचं दार उघडून बघून यायचे.

आणि एके दिवशी पुस्तक मिळालं. त्याच फळीवर, नीट उभं. काकांनी फोन करून लगेच बोलावलं. मी पोचले तर पुस्तक स्वयंपाकघराच्या टेबलावर उघडं होतं आणि समास कोरे होते. बांधणीच्या खाचेत खोडरबराचा चुरा अडकलेला. आमची चिठ्ठी लागण्याआधीच कोणी ते घरी नेलं असेल. सगळ्यांच्या पुस्तकात रेघोट्या बऱ्या दिसत नाहीत म्हणून बिचाऱ्याने पानन् पान बसून पुसलं, अगदी हलक्या हाताने, कागद कुठेही न फाटता. कोणाला शिव्या द्यायच्या? काकांनी ताईची पद्धत पाळली, त्या माणसाने गावाची. दोन चांगल्या माणसांनी मिळून तिचं शेवटचं काम पुसून टाकलं.

पेन्सिलीचा दाब मात्र कागदावर थोडा उरलाय. दिवा तिरका धरला की शिरोरेघांच्या खाचा दिसतात. एखादं ‘बर्फ’, एखादं ‘दार’, पुष्कळसे ‘अहो’. शेवटी शेवटी तिच्या हातात जोरच नव्हता, तिथे काहीच उमटलेलं नाही. यंदा आम्ही दोनच अंक वाचणार आहोत.

परवा गेले तेव्हा काका टेबलाशी वाकून शेवटच्या पानांवरून बोट फिरवत होते. म्हणाले, “मला कधी म्हणाली नाही गं ती ‘अरे’. निदान कुठे म्हणावंसं वाटलं, एवढं तरी...” बोट पुढे सरकत होतं, परत मागे येत होतं. त्या घासण्याने कागद गुळगुळीत व्हायला लागला होता. दिवा धरून उभ्या असलेल्या इराने त्यांचा हात धरला.

“बाबा, बोट नको फिरवूस,” ती मराठीत म्हणाली. “जाईल ते.”