दिनेशदादाचा चौकोन

मी किती शहाणा आहे ते आज तुम्हीच ठरवा. चहा उकळेपर्यंत सांगून होईल.

कल्याणच्या पुढे जुनी विमानाची धावपट्टी आहे ना, तिथे मोटरसायकलची ड्रॅग रेस होती. ड्रॅग म्हणजे सरळ रस्ता, दोन गाड्या, कोण आधी पोचतो ते बघायचं. वळण नाही, डोकं लावायचं काम नाही. माझ्यासारख्यासाठीच काढलेला खेळ. गाडी मात्र दिनेशदादाची. माझा मोठा भाऊ. अंबरनाथ एमआयडीसीत फिटर होता. ड्युटीवरून आला की हातपाय न धुता त्या शंभर सीसीच्या गाडीचं इंजिन उघडून बसायचा. रेसची एंट्रीही त्यानेच भरलेली. मग त्याला कावीळ झाली आणि रेसच्या आधीच तो गेला.

घरच्यांनी गाडी विकायला काढली. सोमवारी गिऱ्हाईक न्यायला येणार होतं. रेस रविवारी. मी म्हटलं, दादाने एवढी बनवली आहे, एकदा पळवतो, मग न्या. एंट्री त्याच्या नावावर होती, पण हेल्मेटच्या आत कोण आहे ते कोणाला कळतंय? दिवसभर आपणच दिनेश. एवढा साधा प्लॅन.

मित्राच्या, बाळ्याच्या टेम्पोत गाडी टाकून सकाळीच पोचलो. पट्टीच्या कडेला चुन्याने चौकोन आखले होते. त्याला पिट म्हणायचं. एका गाडीला एक चौकोन, त्यात गाडी आणि हत्यारं ठेवायची. प्रत्यक्षात कोणी मेव्हणे आणलेले, कोणी सतरंज्या, एकाने तर सासूला खुर्ची टाकून बसवलेलं. आमच्या चौकोनात एक पांढरी व्हॅन उभी होती आणि तिच्या सावलीत कॅम्प चारच्या सिंधी वस्तीतले गॅरेजवाले हिरोभाई पापड खात होते.

"हिरोभाई, ही जागा आमची आहे."

"अरे भाई, जगह किसी की होती है क्या? पीछे लगा दे."

"पीछे नाला है."

"तो नाले के इस तरफ लगा ना. उस तरफ किसने बोला?"

बाळ्या म्हणाला, "चल यार, मागे तर मागे. आपल्याला रेस मारायची आहे, संसार नाही मांडायचा."

शहाणं पोरगं. मी त्याचं ऐकलं का? मी व्हॅनच्या चाकासमोर मांडी घालून बसलो.

मागे टेम्पोंची रांग लागली. हॉर्न सुरू झाले, शिव्या सुरू झाल्या. शेवटी छातीवर आयोजकांचा बिल्ला लावलेले एक काका आले.

"चौकोन कोणाच्या नावावर आहे?"

"दिनेशच्या," बाळ्या म्हणाला.

"मग त्याला बोलवा. ज्याची जागा तो बोलेल. बाकीचे गप्प."

आता बघा. दिवसभर दिनेश व्हायला आलेला माणूस मी. उठून "मीच" म्हणायचं, विषय संपला. पण माझं डोकं तापलेलं.

"कुठून बोलवू?" मी म्हटलं. "मेला तो, माझा दादा. मेलेल्या माणसाची जागा खाताय, लाज वाटत नाही?"

हॉर्न थांबले. हिरोभाईंचा पापड हातातच राहिला. मग त्यांनी स्वतः व्हॅन काढली. शेजारच्यांनी सतरंज्या गुंडाळल्या. सासूबाई उठल्या आणि खुर्ची मला दिली. कोणीतरी सरबत आणलं.

"पहले बोलना था ना बेटा," हिरोभाई म्हणाले. "तेरा भाई, मेरा भाई."

आमचा चौकोन मिळालाच, वर शेजारचा अर्धा मिळाला. मी खूश. बाळ्या मात्र कपाळ चोळत बसला होता.

"काय झालं रे?"

"काही नाही. सरबत पी."

मग लाऊडस्पीकरवर दादाचं नाव पुकारलं. आपल्यातला एक स्पर्धक गेला, दोन मिनिटं उभे राहू या. सगळ्या मैदानातली इंजिनं बंद झाली. एवढी माणसं दादासाठी उभी राहिली हे आईला कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होतो.

रेस सुरू झाल्या. आमच्या आधीचा नंबर लागला तसं मी हेल्मेट चढवलं आणि गाडी ढकलत निघालो. काकांनी अडवलं.

"कुठे चाललास?"

"माझा नंबर आहे आता."

"हा नंबर दिनेशचा. तो आम्ही यादीतून काढला."

"मीच..." मी म्हणालो.

काका सभ्य माणूस. हळूच म्हणाले, "अरे, मग मघाशी आम्ही उभे कोणासाठी राहिलो?"

हिरोभाईंनी खूप विनवलं. "साहब, बच्चे को एक चक्कर मारने दो." काका म्हणाले, "मलाही वाईट वाटतंय. पण उद्या पोरगं पडलं तर कोणाच्या नावावर पडलं म्हणून लिहू?"

गाडी परत आणून चौकोनात लावली. नाल्याकडून एक जण अदबीने आला. "भाऊ, तुमची रेस नाही तर जागा मिळेल का?"

"नाही," मी म्हटलं.

संध्याकाळपर्यंत तिथून हललो नाही. मांडीवर हेल्मेट, बाजूला दादाची गाडी. तिचं इंजिन तेवढं थंड होतं.

घरी आईने दारातच बाळ्याला विचारलं, "कितवा आला रे हा?"

बाळ्या म्हणाला, "पार्किंगमध्ये पहिला, काकू."