साडूंचं जू

आमच्या साडूंसारखा माणूस धारवाडात दुसरा झाला नाही, आणि झाला नाही ते माझ्या प्रकृतीला बरंच. दोघांचा मत्सर मला झेपला नसता. आम्ही एकाच मिशनच्या शाळेत मास्तर, मी गणिताचा, ते संस्कृतचे. सासुरवाडीला पंगत बसली की माझ्या पानात तूप चमच्यानं पडे आणि त्यांच्या पानात धारेनं. पोरं मला पाहून बोळात शिरत, त्यांना पाहून बोळातून बाहेर येत. गृहपाठ द्यायला ते हटकून विसरत, तरी निकाल त्यांचाच चांगला. याला काय म्हणावं?

कुठलीही गोष्ट स्वतःच्या अंगावर घेतल्याशिवाय त्यांना समजत नसे. 'उपवास' या विषयावर निबंध द्यायचा म्हणून हा गृहस्थ आधी स्वतः उपाशी राहिला आणि वर्गात झीट येऊन पडला. पोरांनी निबंध मात्र फार सुरेख लिहिले.

बेचाळीस साली पोरं वर्गावर बहिष्कार टाकू लागली, तेव्हा पाद्री साहेबांनी सकाळच्या प्रार्थनेला बायबलातल्या यिर्मया संदेष्ट्याची गोष्ट काढली. हा संदेष्टा बैलाचं जू मानेवर घेऊन राजाकडे गेला आणि म्हणाला, बाबेलच्या परक्या राजापुढे मान वाकवा; ही देवाचीच शिक्षा आहे, नाही वाकवलीत तर नाश होईल. पोरांना हे समजावून सांगायचं काम साहेबांनी साडूंना दिलं. हेडमास्तर त्याच वर्षी निवृत्त व्हायचे होते आणि त्या खुर्चीचे उमेदवार आम्ही दोघंच. त्यामुळे काम त्यांना मिळालं याचा अर्थ मला कुणी सांगावा लागला नाही. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

साडू तडक हुबळीला गेले आणि दुर्गदबैलच्या बाजारातून खरंखुरं जू घेऊन आगगाडीनं परतले. तिकीट तपासनिसानं विचारलं, बैल कुठायत? म्हणाले, "एक मी. दुसरा धारवाडात आहे."

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर स्वारी परसात मानेवर जू घेऊन उभी, आणि आमची मेहुणी दारात कपाळाला हात लावून.

"बर्री अण्णा, बर्री!" मला पाहताच त्यांनी कानडीत बोलावलं. "या की इकडं. दुसरी बाजू रिकामी आहे बघा. एकट्यानं घेतलं की कलंडतंय की ओ."

"माझ्या कोटाची कॉलर चुरगळेल," मी म्हणालो. खरं कारण कॉलर नव्हती.

"बैल कशाच्या जोरावर ओढतो ठाऊक आहे काय, अण्णा? संध्याकाळी जू उतरतंय म्हणून."

दुसऱ्या दिवशी ते जू घेऊनच प्रार्थनेला उभे राहिले. "संदेष्टा खोटं सांगत नाही," ते म्हणाले. "आपण आपल्याच माणसांना विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. त्याची शिक्षा म्हणून हे मानेवर आलंय." साहेबांनी मान डोलावली. माझी आशा मावळली. "पण साहेब पुढचं वाचायला विसरले. संदेष्टा असंही म्हणतो, की त्या परक्या राजाच्या देशाचीही वेळ ठरलेली आहे. संध्याकाळ होते, पोरांनो, आणि जू उतरतं." पुढचं कुणाला ऐकूच आलं नाही, इतक्या टाळ्या पडल्या. साहेब लालबुंद झाले.

खुर्ची मला मिळाली आणि साडू घरी बसले. माझा मत्सर मात्र तिथंच होता. शाळा सुटली की पोरं त्यांच्याच परसात शिकायला जायची. तिथं भिंतीला टेकवलेल्या जुवावर मेहुणी लुगडी वाळत घालायची.

मग स्वातंत्र्य आलं. त्या सकाळी हेडमास्तर मी, शाळा माझी, आणि झेंडा लावायला पोरांनी आणलं कुणाला? साडूंना! मी इस्त्रीचा कोट घालून दात आवळत बाजूला उभा राहिलो. साडू फार वाळले होते. दोरी ओढता ओढता त्यांचा जोर सरला आणि झेंडा अर्ध्यावर अडकला. पोरं मदतीला धावली, पण त्यांनी मानेनंच नको म्हटलं आणि गर्दीत मला शोधलं.

"बर्री अण्णा," ते म्हणाले. "एकट्यानं होत नाही की ओ."

मी गेलो. दोरी दोघांनी मिळून ओढली आणि माझी कॉलर पार चुरगळली. झेंडा वर गेल्यावर पोरांनी जयजयकार केला तो त्यांच्याच नावाचा. मला मत्सर वाटला, नेहमीसारखाच. पण दोरीवरून निसटून त्यांचा हात माझ्या हातात आला होता, तो मी बराच वेळ सोडला नाही.