संत्र्याचं पान

रामदासपेठेतल्या आमच्या कॉम्प्युटर केंद्रात एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिशवीत ताज्या फांद्या घेऊन यायचे. यंत्राला माहिती द्यायच्या कार्डांना मी तिथे भोकं पाडायची. पानाचं वर्णन दिलं की यंत्राने झाड ओळखावं, असं त्यांचं संशोधन होतं. बोलताबोलता ते थांबत, स्वतःलाच “काहून?”, म्हणजे ‘का?’, असं विचारत आणि उत्तर न देताच निघून जात.

प्रकल्पाला मंजुरी देणारे पाहुणे यायच्या आदल्या दुपारी यंत्राने संत्र्याला बेल ठरवलं. नियम नव्याने मांडायला वेळ नव्हता.

“सर, एक कार्ड बदलू? बेलाच्या त्रिदलासारखं ‘संयुक्त पान’ न लिहिता ‘साधं पान’ लिहिलं की संत्रं येईल. दिसतंही तसंच.”

“दिसते तसं, पण नाही ना बाई!” त्यांनी देठावरचा बारीक सांधा दाखवला. “हे संयुक्तच आहे, फक्त दल एकच उरलं. झाडाले खोटं काहून पाडू?”

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसमोर यंत्राने बेलच छापलं. पाहुणे हसले.

“चूक माझी आहे,” सर म्हणाले. “मले माहीत आहे, ते या यंत्राले सांगता नाही आलं.”

प्रकल्प तिथेच संपला. पाहुण्यांना जीपपर्यंत सोडून सर परतले, ते चक्क शीळ वाजवत.

“बाई, माणूस झाड ओळखते कसं, हेच आपल्याले माहीत नाही! आता कुठं खरा प्रश्न सापडला.”

अभिनंदन करावं की सांत्वन, मला कळेना. मी चहा सांगितला.