भंगार लॅपटॉप आणि मावशीच्या चार सऱ्या

परवा नवीन जालन्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानातून मी अक्षरशः पाय आपटत बाहेर पडले. अजून आठवलं की डोकं फिरतं...

सोबत धावडा गावची माझी मावशी होती. तिचा लॅपटॉप वहीएवढा, पिशवीत घालून शेतात न्यायचा. आठ वर्षं त्यात ती शेताची डायरी लिहिते... कोणतं वाण कधी पेरलं, कीड कधी आली, सगळं फोटोंसकट. महिनाभरापासून तो सुरूच होत नव्हता.

दुकानदाराने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला म्हणाला, "भंगार हाय मॅडम हे. फॉरमॅट मारतो, न्हाई तर नवा घ्या. आन् मावशींना कशाला पाह्यजे लॅपटॉप? मोबाईल बस झाला की!"

डायरीचं काय, विचारलं. "गेली समजा," म्हणे. अहो, लॅपटॉप कुणाचा आणि तुम्ही बोलताय कुणाशी?

घरी येऊन रागारागातच विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स प्रणालीची एक हलकी आवृत्ती पेन ड्राइव्हवर उतरवली. फुकट, मुक्त आणि जुन्या मशीनवर चालते, एवढं ऐकून होते. पेन ड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि काय सांगू... 'भंगार' दोन मिनिटांत सुरू!

समोर पर्याय आला, सगळं पुसून इन्स्टॉल करा. माझं बोट त्यावर गेलंच होतं. त्या माणसाचं नाक कापायची घाई, दुसरं काय!

मावशीने माझं मनगटच धरलं. "थांब गं माय, काय पुसून राह्यली? माझी डायरी हाय ना त्यात. नवं बियाणं आणलं की सगळं रान एकदम पेरतो का आपण? आधी चार सऱ्या लावून बघतो, मंग ठरवतो."

मी बोट मागे घेतलं. काही न पुसता नुसत्या पेन ड्राइव्हवरून वापरून बघता येतं, हे उतरवताना मीच तिला वाचून दाखवलं होतं.

तसंच करून डिस्क उघडली... डायरी जशीच्या तशी! ती आधी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर घेतली. मावशीने डोळ्यांना पदर लावला, तेव्हा मला दुकानदाराचा नव्याने राग आला.

मग निवांत लिनक्सचे तीन प्रकार तसेच पेन ड्राइव्हवरून लावून पाहिले. पहिल्यात खिडकीची बटणं त्या इवल्या स्क्रीनच्या खाली जाऊन बसायची, दुसऱ्याला वायफायच सापडेना. तिसरा दिसायला अगदी साधा, पण मराठी टायपिंग सुरळीत. "ह्योच बराबर," मावशी म्हणाली आणि मगच तो इन्स्टॉल केला.

काल तिने डायरीचा फोटो पाठवला. लॅपटॉप सुरू झाल्यानंतरची पहिली नोंद : 'नवं वाण लॅपटॉपवर लावलं. उगवण चांगली.'

दुकानदारावर मी चिडलेलीच आहे, आणि राहणार. पण खरं सांगू? मावशीला न विचारता तिची आठ वर्षं पुसायला तो निघाला होता... आणि तासाभराने मीही. मनगट धरलंस, मावशी, बरं केलंस.