शेपू आणि ‘मान्य नाही’
एका केव्हाच मेलेल्या सरदाराचं ऐकून मी शारजात भरलेली सभा मोडली होती, इतकी मी शहाणी! शेपूचा वास आला की अजून आठवतं. समोरच्या फ्लॅटमधली पोलंडची बाई सुपात शेपू घालायची आणि अडीचशे वर्षांपूर्वीच्या आपल्या सरदार पूर्वजाच्या गोष्टी सांगायची. त्यांच्या प्रांताच्या सभेत म्हणे एकट्याने ‘मला मान्य नाही’ म्हटलं की काम खलास. अशा सभा मोडूनच हा सरदार मोठा झाला. त्याच आठवड्यात आमच्या हॉलमध्ये गणपतीची बैठक होती. पंचवीस माणसं, आणि तिथे अशा जमावाला लागणारी परवानगी कसलीच नाही. आरतीचा मान यंदाही मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनाच, असं ठरायला लागलं तशी मी ताडकन उठले, “मला मान्य नाही!” एकच गलका झाला. “वहिनी, खाली बसा!” “का बसू?” तेवढ्यात दार धडाधड वाजलं. “पोलीस!” कोणीतरी पुटपुटलं. ह्यांचा चेहरा पांढराफटक. व्हिसा गेला, नोकरी गेली, मुलांची शाळा गेली, तेही माझ्या एका वाक्यापायी! सभा मोडणारी ही वाघीण बाथरूमला कडी लावून उपड्या बादलीवर बसली. ओठांवर अथर्वशीर्ष, तेही चुकीचं. शेवटी ह्यांनी दार उघडलं. बाहेर तीच शेजारीण! दोन्ही हातांत सुपाचं पातेलं, म्हणून तिने दाराला लाथा घातल्या होत्या. मंडळी एकेक करून पांगली. मग तिने माझ्याकडून सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “आमचा सरदार ओरडण्याआधी दाराशी घोडा तयार ठेवायचा. तू काय ठेवलं होतंस, बादली?”